व्होल्टेजला हात नंतर लावा
पाण्याने थंड होणारं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक कसं करायचं, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त कसं पळवायचं, असं तुम्ही विचारलंय. ते जेमतेम ५० अंशांवर चालतंय म्हणून वर एकाने थेट व्होल्टेज वाढवायला सांगितलंय. मला ती घाई वाटते. एनव्हीडियाचं कार्ड तापमान उतरलं की क्लॉक (चिपचा वेग) आपणहून थोडा वर नेतं, म्हणजे वॉटरब्लॉकचा (चिपवर बसवलेल्या, पाणी खेळवणाऱ्या ठोकळ्याचा) बराचसा फायदा तुम्ही आधीच घेताय. आता गाडी अडते ती बहुधा पॉवर लिमिटवर, म्हणजे कार्डाला किती वीज खेचता येईल त्या मर्यादेवर. आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी पॉवर लिमिटची पट्टी उजव्या टोकाला न्या, मग कोअर (मुख्य चिपचा) क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवत दर वेळी एखादा जड गेम अर्धा तास खेळून बघा. नुसत्या बेंचमार्कवर विसंबू नका, गेममध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचं जड गणित) चालू केलं की पितळ उघडं पडतं.

मेमरीचं प्रकरण जरा फसवं आहे. जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीत चुकलेला डेटा पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे कार्ड हँग न होता गुपचूप सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम घटतात. समजा मेमरी क्लॉक +५०० मेगाहर्ट्झ केल्यावर १०० आणि +८०० ला ९६ फ्रेम दिसल्या, तर मुकाट्याने मागे या.

आणि हो, कार्ड रेडीमेड हायब्रिड (कंपनीनेच पाणी आणि पंखा दोन्ही लावलेलं) असेल तर पाणी फक्त चिपवरूनच फिरतंय का, ते बघा. काही मॉडेलांत मेमरी आणि व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारा भाग) पंख्याच्याच भरवशावर असतात. मेमरी जंक्शन, म्हणजे मेमरीच्या आतलं तापमान, १०० अंशांच्या पुढे गेलं, तर कोअरचे ५० अंश काय चाटायचेत?