महिला मंडळाच्या मासिक अंगतपंगतीचे नियोजन कसे करावे?

चिंचगूळ : आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी अंगतपंगत असते आणि साधारण 25 जणी येतात. जिला जे सुचेल ते तिने करून आणावे अशी पद्धत असल्यामुळे कधी चौघी मटारपुलाव आणतात आणि पोळ्या मात्र कमी पडतात. प्रत्येक जण सगळ्यांना पुरेल इतके करते, त्यामुळे निम्मे अन्न डब्यांत भरून परत न्यावे लागते. अलीकडे पदार्थांची चुरसही लागली असून, नोकरी करणाऱ्या दोघी-तिघींनी त्या दडपणाने येणेच सोडले आहे. वर्गणी काढून केटररकडून जेवण मागवावे, अशी सूचना पुढे आली आहे. मला ती पटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सांडगे-कुरडई : ताई, केटरर वर्धापनदिनापुरता ठेवा. आम्ही पदार्थ ठरवून देत नाही, ताटातल्या जागा वाटून देतो : पोळी-भाकरी, सुकी भाजी, उसळ, चटणी-कोशिंबीर, आमटी, भात, गोड आणि ताक. एकेका जागेला तिघी आणि प्रत्येकीने आठ-नऊ जणींपुरतेच करायचे, कारण ताटात इतके प्रकार असले की कोणीही एका भाजीचे दोन डावांहून अधिक घेत नाही. माणशी दोन पोळ्या धरल्या तर 50 होतात, म्हणजे तिघींच्या वाट्याला सोळा-सतरा येतात. भातासाठी एकूण दोन किलो तांदूळ आणण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु एक किलो तांदळाचा भात शिजून अडीच-तीन किलो होतो आणि तेवढा 25 जणींना व्यवस्थित पुरतो. या जागा दर महिन्याला फिरवाव्यात. पोळ्यांची पाळी झालेलीला पुढच्या खेपेला ताक द्यावे. आणि भाताच्या पाळीत साधा वरणभात आवर्जून असू द्यावा. कमीपणा वाटतो म्हणून तो कोणी आणत नाही आणि मनातून हवा मात्र सगळ्यांना असतो!

ओली हळद : तारीख ठरवताना कालनिर्णय पाहावे. शनिवार करणाऱ्या असतातच, शिवाय संकष्टी किंवा एकादशी नेमकी त्याच दिवशी आली की निम्म्या जणी केवळ ताक पिऊन उठतात. चातुर्मासात कांदा-लसूण व वांगे न खाणाऱ्यांसाठी, तसेच जैन मैत्रिणींसाठी, एक भाजी आणि आमटी तशी असावी. दाण्याचे कूट तर आपण कोशिंबिरीपासून उसळीपर्यंत सगळीकडे घालतो. एखादीला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास ते जिवावर बेतू शकते, म्हणून आधीच विचारून घ्यावे.

कल्हईवाली : शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच बाहेर ठेवू नये, विशेषतः भात. त्यातले काही जिवाणू बीजाणूंच्या रूपाने शिजवल्यानंतरही तग धरतात, मग कोमट भातात वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्यामुळे भाताचा कुकर शक्यतो हॉलजवळच्या घरातच लावावा. ताक स्टीलच्या पातेल्यात आणावे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ते कळकते.

चिंचगूळ : जागा वाटून देण्याची कल्पना उत्तम आहे. चुरशीचे मात्र काय करावे? आणि सत्तरी ओलांडलेल्या काकूंना पाळीतून वगळावे का?

सांडगे-कुरडई : सगळे पदार्थ मंडळाच्या पातेल्यांत काढून ठेवावेत आणि नाव कोरलेले डबे आतच राहू द्यावेत. समोरच्या चिठ्ठीवर करणारीचे नाव न लिहिता पदार्थ आणि त्यात दाणे, कांदा-लसूण आहे का, एवढेच लिहावे. तरीही सुरळीच्या वड्या कोणाच्या आहेत हे ओळखू येतेच, त्याला इलाज नाही. काकूंना वगळल्यास त्यांना वाईट वाटेल. त्यांच्याकडे लोणचे, मेतकूट किंवा लसणीची चटणी सोपवावी. ते चार दिवस आधीही करून ठेवता येते आणि डबा लहान असल्याने जिना चढताना त्रास होत नाही.