मदत हवी आहे : व्हर्च्युअल मशीन सुरू होताना पीसीआय बसच्या (संगणकाला उपकरणे जोडणाऱ्या मार्गाच्या) तपासणीत जाणारा वेळ कसा कमी करावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या गटात सॉफ्टवेअरच्या प्रत्येक चाचणीसाठी नवी व्हर्च्युअल मशीन उभी केली जाते आणि चाचणी संपताच ती मोडून टाकली जाते. बऱ्याचशा चाचण्या काही सेकंदांतच आटोपत असल्यामुळे मशीन सुरू होण्याचा वेळ हाच दिवसभरातला मोठा खर्च ठरतो. ज्या यजमान संगणकांवर हे काम चालते तेही क्लाउडमधून भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनच आहेत, म्हणजे सगळा मामला नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनचा आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

मांडणी साधी आहे : लिनक्स, केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा लिनक्स कर्नलचा भाग) आणि क्यूएमू (मशीनमधल्या उपकरणांची नक्कल करणारा प्रोग्रॅम), मशीनचा प्रकार क्यू३५, फर्मवेअर सीबायोस, आणि चालू मशीनमध्ये डिस्क जोडता याव्यात म्हणून आधीपासून ठेवलेले सोळा रिकामे पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट. यजमानावर ‘परफ केव्हीएम स्टॅट’ लावून पाहिले असता सुरुवातीच्या टप्प्यातले बहुसंख्य व्हीएम एक्झिट (प्रोसेसरने गेस्ट, म्हणजे आतली मशीन, सोडून यजमानाकडे येणे) इनपुट-आउटपुट पोर्टच्या सूचनांमुळे होत असल्याचे दिसले. ट्रेस काढल्यावर त्यांतले बहुतेक सीएफ८ आणि सीएफसी या दोन पोर्टवरचे, म्हणजे पीसीआयच्या कॉन्फिगरेशन स्पेसचे (उपकरणाची ओळख आणि मांडणी जेथून वाचतात त्या जागेचे) निघाले.

माझी समजूत अशी आहे. एका बसवर ३२ उपकरणांना आणि प्रत्येक उपकरणात ८ फंक्शनना जागा असते. अशा २५६ बस धरल्या तर ६५,५३६ जागा होतात. तपासणारा एकेका जागेवर निर्मात्याचा क्रमांक वाचतो आणि तेथे कोणी नसेल तर त्याला सगळे बिट १ असलेले उत्तर मिळते. खऱ्या यंत्रावर हे वाचन स्वस्तात होते. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र सीएफ८ वर पत्ता लिहिताना एकदा आणि सीएफसीवरून उत्तर वाचताना पुन्हा एकदा प्रोसेसरला गेस्टमधून बाहेर यावे लागते, आणि ‘येथे कोणी नाही’ एवढे सांगण्यासाठीही क्यूएमूपर्यंत फेरा पडतो. नेस्टेड मांडणीत हाच फेरा आधी क्लाउडच्या हायपरव्हायझरकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीकडे) आणि मग आमच्या यजमानाकडे जातो, त्यामुळे प्रत्येक एक्झिट कितीतरी महाग पडतो. शिवाय फर्मवेअर एकदा सगळी बस धुंडाळते आणि कर्नल आल्यावर तेच काम पुन्हा करतो.

क्यूएमू ४.२ मध्ये आलेला मायक्रोव्हीएम हा हलका मशीनप्रकार मला माहीत आहे, आणि फायरक्रॅकर हा छोट्या व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम आपल्या गेस्ट कर्नलला ‘पीसीआय=ऑफ’ देऊन व्हर्टआयओ-एमएमआयओवर (पीसीआयशिवाय उपकरणे जोडण्याच्या पद्धतीवर) काम भागवत आला आहे, हेही ठाऊक आहे. परंतु आमच्या चाचण्यांचा विषयच एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवरून जोडली जाणारी) डिस्क चालू मशीनमध्ये जोडणे आणि काढणे हा आहे, त्यामुळे पीसीआय बंद करण्याचा मार्ग आम्हाला मोकळा नाही. पीसीआय शाबूत ठेवून रिकाम्या जागांची ही विचारपूस टाळता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपले निदान बरोबर वाटते, परंतु कर्नलच्या मुख्य तपासणीला फार दोष देऊ नये. एक्स्प्रेस पोर्टच्या पलीकडे एकच उपकरण असू शकते हे तिला माहीत असते, म्हणून ती पोर्टमागे फक्त शून्य क्रमांकाची जागा पाहते. खरी उधळपट्टी त्याच्याही आधी होते. एक्स८६ कर्नलमध्ये काही जुन्या चिपसेटमधले दोष सांभाळण्यासाठी ‘अर्ली क्विर्क्स’ नावाची एक प्राथमिक फेरी असते. तिला ब्रिज (पुढच्या बसकडे नेणारे उपकरण) दिसला की ती त्याच्या मागच्या बसवर उतरते आणि तेथल्या सर्व ३२ जागा पाहते. आपले सोळा पोर्ट रिकामे असतील तर एवढ्यानेच ५१२ निष्फळ वाचने होतात.

गेस्ट कर्नलला ‘पीसीआय=नोअर्ली’ देऊन पाहावे. कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की याने काही दुरुस्त्या बंद पडतात आणि काही आयओएमएमयू (उपकरणांचा मेमरीतला वावर नियंत्रित करणारा घटक) ड्रायव्हर चालत नाहीत, म्हणून गेस्टमध्ये व्हर्च्युअल आयओएमएमयू वापरत असल्यास हा मार्ग घेऊ नये. दुसरे असे की जी उपकरणे कधीच काढायची नाहीत, उदाहरणार्थ नेटवर्क कार्ड आणि मूळ डिस्क, ती थेट रूट बसवर ठेवावीत आणि पोर्ट फक्त चाचणीत लागतील तेवढेच द्यावेत.

प्रतिसाद २

वरील सूचनेशी सहमत आहे. मला विचारावेसे वाटते की आपल्या सर्व चाचण्यांना क्यू३५ खरोखर लागतो का? जुन्या आय४४०एफएक्स प्रकारात एसीपीआयच्या (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातील व्यवस्थेच्या) साहाय्याने थेट मूळ बसवरच उपकरण जोडता आणि काढता येते, त्यासाठी वेगळा पोर्ट आणि त्यामागची बस लागत नाही. क्यूएमूची एनव्हीएमई डिस्क तेथेही चालते. चाचणीचा हेतू ‘डिस्क आली, डिस्क गेली’ एवढाच असेल तर हा जुना प्रकार पुरेसा आहे. एक्स्प्रेसची स्वतःची हॉटप्लग (चालू मशीनमध्ये उपकरण जोडण्या-काढण्याची) यंत्रणा तपासायची असेल तेथेच क्यू३५ ठेवावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘नोअर्ली’ दिल्यावर त्या टप्प्यातले एक्झिट लक्षणीय घटले, आणि आमच्या गेस्टमध्ये आयओएमएमयू नसल्यामुळे ते कायम ठेवण्यास हरकत दिसत नाही. चाचण्यांची विभागणीही पटली. बहुतांश चाचण्या आय४४०एफएक्सवर नेता येतील असे दिसते आणि क्यू३५ वर उरतील त्यांचे पोर्ट दोनवर आणले आहेत.

या उरलेल्या गटासाठी एक प्रश्न शिल्लक आहे. क्यू३५ मध्ये कॉन्फिगरेशन स्पेस मेमरीत मांडलेली असते आणि तेथून एका वाचनाला एकच एक्झिट पुरतो. तरीही पहिल्या २५६ बाइटांसाठी एक्स८६ कर्नल जुन्या पोर्टचाच वापर करतो. केव्हीएमच्या गेस्टने सर्व वाचने मेमरीमार्गेच करावीत असा पॅच २०२० मध्ये मांडला गेला होता, आणि त्याच्याच जोडीने रिकाम्या जागांचे उत्तर क्यूएमूकडे न जाता केव्हीएमनेच परस्पर द्यावे अशीही सूचना होती. नेस्टेड मांडणीत आम्हाला नेमके हेच हवे आहे. असा बदल स्वतःच्या कर्नलमध्ये घालून कोणी नियमित वापरला असेल, तर कर्नलची कोणती आवृत्ती घेतली आणि डिस्क जोडताना काही अडचण आली का, हे कृपया येथे लिहावे.