इंजिनाचा हीटर महिनाभर चालू ठेवला तर चालेल का? (सेसना १७२) तातडीने हवंय

डिचोलीकर
आईच्या ऑपरेशनसाठी गावी आलोय, महिनाभर तरी इथून हलता येणार नाही. विमान तिकडे आहे. काल रात्री उणे २८ होतं. पार्टनर विचारतोय की इंजिनाचा हीटर लावून तसाच सोडू का. त्याचं म्हणणं, लावलेला असला की मनात येईल तेव्हा जाऊन उडवता येतं. मी वाचलंय की सतत चालू ठेवला तर इंजिन आतून गंजतं. दोघांचे पैसे त्यात अडकलेत, इंजिन खोलायची पाळी आली तर झेपणार नाही. हो की नाही, एवढंच सांगा.

तिसवाडी
गोव्यातून विचारताय आणि उणे २८? तिकडे म्हणजे कुठे? विमान हँगरमध्ये आहे की उघड्यावर?

डिचोलीकर
एडमंटन, कॅनडा. हँगर आहे, पण पत्र्याचा, आत उब नाही. हीटरबद्दल सांगा ना कोणीतरी.

दाबोळीचा मेकॅनिक (निवृत्त)
नुसतं १७२ सांगून भागत नाही. १९७७ ते ८० मधलं 'एन' मॉडेल असेल तर त्यात लायकॉमिंग कंपनीचं ओ-३२०-एच२एडी इंजिन असतं. त्याला उणे ६ च्या खाली गरम केल्याशिवाय स्टार्ट करायचं नाही असं कंपनीच सांगते. नंतरच्या 'पी' मॉडेलमध्ये ओ-३२०-डी२जे, त्याला ही मर्यादा उणे १२. साठच्या दशकातलं जुनं असेल तर कॉन्टिनेन्टल कंपनीचं इंजिन, म्हणजे गोष्टच वेगळी. आणि हीटर कुठला? सिलिंडरलाही जोडलेला, की फक्त सम्पखाली (इंजिनाच्या तळच्या तेलटाकीखाली) चिकटवलेलं पॅड?

डिचोलीकर
१९८२ चं पी. फक्त पॅड.

विनिपेगवासी
बिनधास्त चालू ठेवा. मी हिवाळाभर लावून ठेवतो, इंजिनाला काहीही झालेलं नाही. इथे हवा इतकी कोरडी असते की गंजाची भीती गोवेकरांनीच बाळगावी. एकदा थंड इंजिन स्टार्ट केलं की होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं.

दाबोळीचा मेकॅनिक (निवृत्त)
बाहेरची हवा कोरडी असेल, क्रँककेसच्या (इंजिनाच्या मधल्या पेटीच्या) आतली नसते. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, त्यातलं थोडं तेलात उतरतं. खालून फक्त सम्प तापवला की ते पाणी वाफ होऊन वर जातं आणि वरच्या गार धातूवर बसतं, पेजेच्या टोपावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात तसं. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) वर असतो. उभ्या इंजिनात त्याच्यावरचं तेल निथळून गेलेलं असतं आणि नेमका तिथेच ओलावा बसतो. कॅमच्या लोबवर (उंचवट्यांवर) गंजाचे बारीक खड्डे पडले की पुढे त्यांवर घासणारे टॅपेट खरवडले जातात, आणि तेल बदलताना फिल्टर कापून पाहिला की लोखंडाचा चुरा दिसतो. विनिपेगवासी, तुमचा हीटर कुठला?

विनिपेगवासी
टॅनिस कंपनीचा. सहा जागी जोडलेला आहे, चारही सिलिंडरना एकेक. वर काउलिंगला (इंजिनावरच्या झाकणाला) जाड ब्लँकेट.

दाबोळीचा मेकॅनिक (निवृत्त)
मग तुमचं बरोबर. अख्खं इंजिन सारखं गरम असेल तर पाणी बसायला गार जागाच उरत नाही. यांचं तसं नाही.

पेडणेकर_७
एवढा खर्च कशाला? स्टार्ट करण्याआधी पंखा हाताने आठ-दहा वेळा फिरवायचा, तेल सुटं होतं. आमच्याकडे जुन्या डिझेल इंजिनांना हँडल मारून हेच करायचे.

दाबोळीचा मेकॅनिक (निवृत्त)
कृपा करून कोणी करू नका. मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) ग्राउंडची वायर तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन पेटतं आणि हात जातो. शिवाय तेवढ्या वेगाने पंप तेल वर चढवत नाही, उलट कॅमवर उरलेला पातळ थर पुसला जातो. आणि थंडीत प्रश्न फक्त घट्ट तेलाचा नसतो. क्रँककेस ॲल्युमिनियमची, क्रँकशाफ्ट पोलादाचा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं, त्यामुळे बेअरिंगमधली फटच कमी होते. म्हणून नुसतं तेल तापवून पुरत नाही, धातूतही उब मुरावी लागते.

ढगांपलीकडे
कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो त्याबद्दल कोणीच बोललं नाही! २१ अंशांच्या खाली आणि हवा दमट असेल तर धोका सगळ्यात जास्त, पण ३८ अंशांपर्यंतही होऊ शकतं. आरपीएम हळूहळू उतरायला लागला की कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारा खटका) पूर्ण ओढायची, अर्धी नाही. आधी इंजिन खडखडेल, घाबरायचं नाही.

डिचोलीकर
धन्यवाद, पण माझा प्रश्न हीटरचा आहे.

मालिम जेटी
मी विमानातला नाही, होडीच्या आउटबोर्ड इंजिनवाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत इंजिनं उभीच असतात. गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल फवारतो आणि तोंडं बंद करतो. ज्यांनी हे केलं नाही त्यांची इंजिनं ऑगस्टमध्ये जाम झालेली पाहिलीत. तुमचा पार्टनर या महिन्यात विमान उडवणार आहे की नाही, ते आधी ठरवा बाब. उडवणार नसेल तर हीटर हवाच कशाला?

फोंड्याची ताई
माझा मुलगा बारावीला आहे, त्याला पायलट व्हायचंय. कॅनडात शिकून इथे लायसन्स चालतं का? किती खर्च येतो?

तिसवाडी
ताई, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. मला माहिती आहे तेवढं तिथे लिहितो.

डिचोलीकर
मालिम जेटी, पार्टनर रविवारी हवामान बरं असेल तर उडवतो. नाहीतर इंजिन नुसतं चालू करून पंधरा मिनिटं ठेवतो.

दाबोळीचा मेकॅनिक (निवृत्त)
ते पंधरा मिनिटांचं आजच बंद करायला सांगा. जमिनीवर तेल पुरेसं तापत नाही. उड्डाणात ८० अंशांच्या वर जाऊन तिथे टिकलं तर आतलं पाणी निघून जातं, नाहीतर दर वेळी पाण्याची भरच पडते. उडवायचं नसेल तर हात लावू नये. उडवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी पॅड लावावं, काउलिंगवर ब्लँकेट टाकावं, हवा आत जायच्या तोंडांना बोळे लावावेत. रात्रभरात उब सिलिंडरपर्यंत पोचते. उडायच्या आधी वायर काढावी, परत आला की पुन्हा लावू नये.

विनिपेगवासी
यावर सहमत. मोबाइलवरून चालणारा स्विच मिळतो, सिम घातलेला. हँगरला चक्कर मारायला नको. डिचोलीत सकाळचे साडेआठ वाजले की तिकडे आदल्या रात्रीचे आठ, म्हणजे तुम्ही चहा घेता घेताही चालू करू शकाल. आणि ब्रीदरची नळी (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी) बघायला सांगा. तिच्या तोंडाशी बर्फ धरला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, पुढचा सील उडतो आणि हवेतच तेल बाहेर जातं. नळीला काउलिंगच्या आत, तोंडाच्या थोडं वर एक पर्यायी छिद्र असतं, ते मोकळं हवं.

डिचोलीकर
पार्टनरला फोन केला. वायर काढायला आता निघालाय, ब्रीदरचं छिद्र टॉर्च लावून बघून फोटो पाठवतो म्हणाला. स्विच मागवतोय. ब्लँकेट आमच्याकडे नाही, १७२ पीच्या मापाचं तयार मिळतं की शिवून घ्यावं लागतं? देव बरें करूं, मेकॅनिकसाहेब.