३१ जुलै तुमच्याकडे कोणाचा?

नाना शंकरशेट (१८६५), उधमसिंग (१९४०), महंमद रफी (१९८०). तिघेही ३१ जुलैला गेले. एकमेकांशी काही देणंघेणं नाही, तरी दरवर्षी एकाच तारखेला आठवायचे. तुमच्या घरात, गावात, शाळेत ही तारीख कोणाच्या नावावर आहे? चरित्रं सगळ्यांना माहीत आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं लिहा.

विरारहून
आमच्याकडे रफी. विषय संपला! तेव्हा आम्ही वांद्र्याला राहायचो. रात्री गेले, वय अवघं ५५. बाबा दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून अंत्ययात्रेला गेले. धो धो पाऊस, माणसांची ही गर्दी. संध्याकाळी परतले ते अनवाणी, चपला गर्दीत कुठेतरी राहिल्या. आई आधी चपलांवरून बोलली आणि मग भाकऱ्या थापताना स्वतःच 'शोधिसी मानवा' गुणगुणायला लागली. संगीतकार श्रीकांत ठाकऱ्यांनी रफींकडून मराठी गाऊन घेतलं, हे उपकारच.

मुरबाडहून
नाना आमचे. जन्म इथला, १८०३ चा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या पहिल्या संचालकांत ते होते. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. आणि आम्ही? कल्याण-मुरबाड मार्गाच्या घोषणा ऐकत लहानाचे मोठे झालो, अजून एसटीनेच कल्याण गाठतो. पुण्यतिथीला भाषणात कोणीतरी हे काढतंच, आणि टाळ्या त्यालाच सर्वांत जास्त पडतात.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा
शाळेत १ ऑगस्टचं वजन भारी: टिळकांची पुण्यतिथी, अण्णाभाऊंची जयंती. ३१ जुलै म्हणजे भाषणांच्या सरावाचा दिवस. त्यात नानांना कोण विचारतो? मी फळ्यावर सुविचाराच्या जागी त्यांची माहिती लिहायचे. एका वर्षी सातवीतला एक पोरगा हटून बसला, बोलेन तर नानांवरच. मुख्याध्यापक नाही म्हणाले. पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी सुरुवात केली, "लोकमान्यांच्या आदल्या दिवशी..." आणि चार मिनिटं नानाच सांगितले. सतीबंदीला पाठिंबा, मुलींच्या शाळा, सगळं. शेवटी घाईघाईत "जय लोकमान्य".

लंडनहून
इथे आम्ही काही मराठी मंडळी जुलैअखेरच्या शनिवारी रफींची गाणी म्हणायला जमतो. एक पंजाबी काका न चुकता येतात. गाणी सुरू होण्याआधी सगळ्यांना दोन मिनिटं उभं करतात, जालियनवाला बागेचा सूड घेणाऱ्या उधमसिंगांसाठी. फाशी याच शहरात झाली, पेंटनव्हिल तुरुंगात. अस्थी भारतात जायला १९७४ उजाडलं. पहिल्या वर्षी काही जण कुरकुरले, गाण्यांच्या संध्याकाळी हे कशाला म्हणून. काका म्हणाले, "रफीसाब कोटला सुलतानसिंगचे. अमृतसर जिल्हा. जालियनवाला बाग कुठे आहे?" तेव्हापासून कोणी कुरकुरत नाही. मात्र पहिलं गाणं कोणी म्हणायचं यावरून दरवर्षी भांडण होतं, आणि तेही काकाच जिंकतात.

गिरगावहून
मुरबाडकर, जन्म तुमचा असेल. नाना चौक आमचा आहे.