मदत हवी आहे: वकिलांच्या घरातली सिटकॉम सुचवा

नमस्कार मंडळी, एक मदत हवीये. माझी भाची लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या माझ्याकडेच राहते आणि रोज रात्री जेवताना आम्ही दोघी जुन्या अमेरिकन सिटकॉम बघतो. तिला ब्लॅक वकिलांच्या कॅरेक्टर्सचं भारी वेड लागलंय. 'द कॉस्बी शो' मधली क्लेअर हक्स्टेबल बघून झाली, 'फ्रेश प्रिन्स' मधले अंकल फिल पण, आधी वकील आणि नंतर जज्ज, जेम्स एव्हरीने काय काम केलंय, तो माणूस रागावला तरी आपलाच मामा वाटतो! आता 'लिव्हिंग सिंगल' चालू आहे, १९९३ ते १९९८ ची, त्यातली मॅक्सिन शॉ तर तिची हिरोच झालीये.

पण या सगळ्यांत वकिली घराबाहेरच राहते, केस चालवताना फार कमी दिसतात. मला अशी सिरीज हवीये जिच्यात आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबच मिळून लॉ फर्म चालवतंय, म्हणजे आईबाप, मुलं सगळे एकाच ऑफिसात आणि क्लायंटवरून जेवणाच्या टेबलावर वाद. कोणी बघितलीये का? नाव, साल आणि इंग्रजी सबटायटल्ससकट कुठे बघायला मिळेल तेही सांगा प्लीज. ड्रामा नको, कॉमेडीच हवी.