दिवाळखोरी, कोविड आणि रीचार्टर: पालकांना काय सांगू?

ट्रूप कमिटीतली आई, न्यू जर्सी (डिसेंबर २०२०)

नमस्कार मंडळी. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाच्या आमच्या ट्रूपच्या (स्थानिक पथकाच्या) कमिटीची अध्यक्ष म्हणून हे लिहिते आहे. मुलगा लाइफ स्काउट आहे, म्हणजे ईगल या सर्वोच्च पदाच्या एक पायरी खाली. ईगलचा प्रोजेक्ट अर्धवट राहिलाय आणि उन्हाळ्यात तो अठरा पूर्ण करेल, त्याआधी सगळं संपवायला हवं.

रीचार्टरचे (ट्रूपच्या वार्षिक नूतनीकरणाचे) कागद महिनाअखेर काउन्सिलला (स्काउट्सच्या विभागीय संस्थेला) द्यायचे आहेत आणि निम्म्या पालकांनी अजून होकार दिलेला नाही. परवाच्या झूम बैठकीत प्रश्नांचा भडिमार झाला. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाने फेब्रुवारीत डेलावेअरच्या कोर्टात चॅप्टर ११चा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज केला, मग आपण भरलेले फीचे ६६ डॉलर वकिलांकडे जाणार का? ट्रूपच्या बँक खात्यातले पैसे जप्त होतील का? आमच्या कॅम्पआउटची सगळी पुंजी त्या खात्यात आहे. ज्या चर्चच्या तळघरात आम्ही भरतो ते मार्चपासून बंद आहे आणि तिथले विश्वस्त विचारतायत की आमच्यावरही दावे येणार का.

शिवाय कोविड आहेच. आमच्यातल्या बऱ्याच घरांत आजी-आजोबा राहतात. मुलं दिवसभर शाळेसाठी स्क्रीनसमोर असतात, संध्याकाळी पुन्हा झूमवर यायला तयार होत नाहीत.

एक मराठी बाबा मला फोनवर म्हणाले, "ताई, नव्वद हजार लोकांनी लैंगिक अत्याचाराचे दावे केलेत. अशा संस्थेत मी माझा मुलगा का ठेवू?" त्यांना नीट उत्तर देता यावं असं मला मनापासून वाटतं. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

जुना स्काउटमास्टर, पेनसिल्व्हेनिया

ताई, आधी पैशांचं सांगतो, कारण ते तुलनेनं सोपं आहे. अर्ज केलाय तो टेक्ससमधल्या अर्व्हिंगच्या राष्ट्रीय संस्थेने. तुमची काउन्सिल कायद्याने वेगळी ना-नफा संस्था आहे, तिने दिवाळखोरीचा अर्ज केलेला नाही. तुमचा ट्रूप तर काउन्सिलचाही नाही. तो ज्या संस्थेने चार्टर (ट्रूप चालवायची सनद) घेतलंय तिचा, म्हणजे चर्चचा. म्हणून तुमचं खातं या खटल्यातल्या मालमत्तेत धरलेलं नाही. ६६ डॉलरची फी राष्ट्रीय संस्थेकडे जाते हे खरं. तिच्यातून विमा, कार्यक्रम आणि कार्यालयाचा खर्च चालतो. पालकांना हे जसंच्या तसं सांगा. "काळजी करू नका" एवढ्यावर कोणाचं समाधान होणार नाही.

चर्चच्या विश्वस्तांची शंका मात्र रास्त आहे. दावे दाखल करायची शेवटची तारीख १६ नोव्हेंबर होती आणि ती फक्त पीडितांपुरती नव्हती. पुढे आपल्यावर कोणी खटला भरला तर भरपाई मागता यावी म्हणून चार्टर घेणाऱ्या संस्थांनाही त्याच तारखेपर्यंत आपला दावा नोंदवायचा होता. तुमच्या चर्चने तो नोंदवला का, हे विचारा. आणि त्यांच्याशी बोलायला त्यांच्या वकिलालाच बसू द्या, तुम्ही-आम्ही कायद्याची हमी देऊ नये.

आता त्या बाबांच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि गेलं वर्षभर आमच्याच माणसांकडून याची जी उत्तरं ऐकतोय त्यांनी मला वाईट वाटतं. "वकिलांनी जाहिराती करून दावे गोळा केले." "त्या काळी सगळीकडे असंच होतं." कृपा करून यातलं काही बोलू नका. संस्थेकडे १९२०च्या दशकापासून अपात्र ठरवलेल्या स्वयंसेवकांच्या गुप्त फाइली होत्या. ओरेगनच्या एका खटल्यात २०१० साली ज्युरीने राष्ट्रीय संस्थेला १.८५ कोटी डॉलरचा दंडात्मक भुर्दंड लावला. त्याच खटल्यातून २०१२ मध्ये कोर्टाच्या आदेशाने हजाराहून जास्त फाइली लोकांसमोर आल्या. मी त्यातल्या काही वाचल्यात. मुलाने तक्रार केली, मोठ्यांनी माणसाला गुपचूप बाजूला केलं, पोलिसांना कळवलंच नाही, आणि तो माणूस दुसऱ्या गावात दुसऱ्या ट्रूपमध्ये उभा राहिला. असं वारंवार घडलंय. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये जुन्या प्रकरणांसाठी मुदतीची अट काही काळ उठवली. तुमच्या न्यू जर्सीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तशीच दोन वर्षांची सवलत दिली. म्हणून साठीतली माणसं आत्ता बोलू शकतायत. या वयात हे सगळं कोर्टाच्या कागदावर लिहिणं सोपं असेल का?

तेव्हा त्या बाबांना सांगा: प्रश्न बरोबर आहे. मग त्यांना आज तुमच्या ट्रूपमध्ये काय चालतं ते दाखवा. नोंदणीकृत, एकवीस वर्षांवरचे दोन मोठे हजर नसतील तर बैठक होत नाही. एकट्या मुलाबरोबर एकटा मोठा कधीच नसतो, ना तंबूत, ना गाडीत, ना फोनवर. मुलाला ईमेल करायचा तर दुसऱ्या मोठ्याला किंवा पालकांना प्रत जाते. प्रत्येक मोठ्याने युथ प्रोटेक्शनचं (मुलांच्या संरक्षणाचं) प्रशिक्षण घेतलेलं असतं. संशय आला तर काउन्सिलला विचारत बसायचं नाही, थेट पोलीस किंवा बालसंरक्षण विभागाला कळवायचं. त्या बाबांनाच हे प्रशिक्षण घ्यायला सांगा, मूल दाखल करण्याआधी. ते ऑनलाइन आहे, कोणालाही घेता येतं. आमच्याकडे मी हे सगळ्या पालकांना करायला लावतो. त्यातले काहीजण नंतर स्वतःच असिस्टंट स्काउटमास्टर झाले.

हेच नियम झूमलाही लागू आहेत, आणि इथे ट्रूप ढिले पडतात. ब्रेकआउट रूममध्येही दोन मोठे हवेत. मुलांमधलं खासगी चॅट बंद ठेवा. बैठक रेकॉर्ड करू नका.

कोविडबद्दल माझं मत असं की संपूर्ण ट्रूप एकत्र भरवायचा हट्ट सोडा. सहा ते आठ मुलांचं पॅट्रोल ही स्काउटिंगची मूळ रचना या साथीला फार बरोबर बसते. तुमच्या राज्यात ७ डिसेंबरपासून बाहेर जमण्याची मर्यादा २५ माणसांवर आणलीय, तिच्यातही पॅट्रोल आरामात बसतं. आम्ही प्रत्येक पॅट्रोलचं वेगळं वर्तुळ केलंय: तीच मुलं, तेच दोन मोठे, प्रत्येक वेळी बाहेर. येणाऱ्याला घरचेच सोडतात, इतरांना गाडीत घ्यायचं बंद. निघण्याआधी आरोग्याची प्रश्नावली, आणि घरात कोणी आजारी असेल तर यायचं नाही. ज्यांच्याकडे आजी-आजोबा आहेत त्यांना न येण्याची पूर्ण मुभा, हजेरीवर काही परिणाम नाही.

जंगलात नकाशा-होकायंत्र, थंडीत शेकोटी पेटवणं, पक्षी आणि झाडं ओळखणं हे सगळं सहा फुटांवरून शिकवता येतं. रात्रीचा मुक्काम करायचा तर एका तंबूत एकच जण. स्वयंपाकाला मात्र मुरड घालावी लागली. एका पातेल्यातून सगळ्यांना वाढणं थांबवलं, प्रत्येकजण आपल्या स्टोव्हवर आपलं करतो. गंमत अशी की आधी भांडी घासायच्या पाळीवर समाधान मानणारी मुलं आता खरोखर स्वयंपाक शिकली.

मुलाच्या ईगलची धास्ती घेऊ नका, पण वेळही घालवू नका. यंदा काउन्सिलला तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवायची परवानगी मिळाली होती. पुढच्या वर्षी तशी सवलत मिळेलच असं धरून चालू नका. प्रोजेक्टचं उरलेलं काम आत्ताच मार्गी लावा. बोर्ड ऑफ रिव्ह्यू (शेवटची मुलाखत) व्हिडिओवर घेता येतो.

दिवाळखोरी कायद्याच्या ऑफिसात काम करणारी

मी वकील नाही, पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, त्यामुळे हा सल्ला समजू नका. वरच्या उत्तरात एक भर घालते.

काउन्सिलनी अर्ज केलेला नाही, पण त्या यातून सुटलेल्या नाहीत. त्यांच्यावरचे खटले कोर्टाने तूर्त थांबवून ठेवलेत आणि ती स्थगिती पुन्हापुन्हा वाढवली जातेय. शेवटी पीडितांसाठीच्या निधीत काउन्सिलनाही मोठा वाटा द्यावा लागेल आणि त्यासाठी काही ठिकाणची कॅम्पची जमीन विकली जाईल, अशी चिन्हं आहेत. तुमच्या काउन्सिलचा कॅम्प कोणता, त्याचं काय ठरलंय, हे त्यांच्या बैठकीत उघड विचारा.

दुसरं खात्याबद्दल. चार्टर नुसतं संपू देऊ नका. ते संपलं तर देणी भागवून उरलेले पैसे आणि सामान काउन्सिलकडे सुपूर्द करायचं असा नियम आहे. चर्च नको म्हणालं तर आधी दुसरी संस्था शोधा आणि चार्टर तिच्याकडे वळवा. रोटरी, लायन्स, पालक-शिक्षक संघ, देऊळसुद्धा चालतं.

मुलींच्या ट्रूपची आई, कॅलिफोर्निया

माझी लेक २०१९च्या १ फेब्रुवारीला, मुलींना परवानगी मिळाली त्या पहिल्या दिवशी दाखल झाली. फेब्रुवारीत मुलींच्या पहिल्या ईगलांची यादी येतेय, त्यात तिचं नाव असावं म्हणून तिने हे सगळं वर्ष ओढून नेलंय. सप्टेंबरमध्ये तर वणव्यांच्या धुरामुळे बाहेरही जाता येत नव्हतं.

गाठी झूमवर शिकवताना कॅमेरा खांद्यावरून खाली हातांकडे लावा. समोरासमोर बसलात तर मुलींना सगळं उलटं दिसतं. बैठक अर्ध्या तासाची ठेवा आणि आधी दोरी, कागद, जे लागेल ते घरपोच ठेवून या. हातात काहीतरी असलं की त्या टिकतात. आणि बैठक मुलींनाच चालवू द्या. सीनियर पॅट्रोल लीडर (ट्रूपची प्रमुख मुलगी) बोलत असताना आम्ही मोठे आवाज बंद करून बसतो.

ट्रूप कमिटीतली आई, न्यू जर्सी (जानेवारी २०२१)

सगळ्यांचे मनापासून आभार. रीचार्टर झालं, तिघांनी सोडलं. त्या बाबांना मी युथ प्रोटेक्शनची लिंक पाठवली. त्यांनी पूर्ण कोर्स करून मला रात्री उशिरा फोन केला आणि बराच वेळ बोलले. मुलगा राहिलाय. ते स्वतः पॅट्रोलबरोबर शनिवारच्या हाइकला येतात.

चर्चने तूर्त होकार दिलाय. त्यांच्या वकिलाने त्यांचा दावा वेळेत नोंदवला होता, हे विचारल्यावरच कळलं.

मुलींच्या ट्रूपची आई, कॅलिफोर्निया (ऑक्टोबर २०२१)

हा धागा वर आणते, कारण आमचं चर्च मेथडिस्ट पंथाचं आहे. त्यांच्या वरिष्ठांकडून सूचना आलीय की नेहमीच्या चार्टरचं नूतनीकरण तूर्त करू नका, फार तर डिसेंबरअखेरपर्यंत मुदत वाढवा. ट्रूप बंद पडणार का?

जुना स्काउटमास्टर, पेनसिल्व्हेनिया

नाही, ताई. त्यांचं म्हणणं ट्रूपच्या विरोधात नाही. दिवाळखोरीच्या आराखड्यात चर्चना पुरेसं संरक्षण नाही, ही त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. वर्षानुवर्षं चर्चना सांगितलं गेलं की विमा तुमच्यासाठी आहे. काउन्सिलला फोन करा. चार्टर काउन्सिलने घ्यायचं आणि चर्चने फक्त जागा वापरायला द्यायचा करार करायचा, असा मार्ग निघतोय. जागा तीच राहते, पास्टरही तोच. ट्रूपचं सामान कोणाच्या नावावर आहे त्याची यादी मात्र आजच करा, तंबू आणि ट्रेलरपासून.

दिवाळखोरी कायद्याच्या ऑफिसात काम करणारी (मे २०२३)

कोणी हे आत्ता वाचत असेल तर: कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये आराखडा मंजूर केला आणि १९ एप्रिल २०२३ला तो अमलात आला. पीडितांच्या निधीत सुमारे २.४६ अब्ज डॉलर जमतील. दुहेरी नोंदी काढल्यावर दावे साधारण ८२ हजार राहिले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती कमी येणार ते बघा. मे २०२३मध्ये, हे लिहिताना, काही विमा कंपन्या आणि पीडित अपिलात आहेत, त्यामुळे विषय संपलेला नाही. तुमच्या ट्रूपमधल्या एखाद्या आजोबांचा किंवा वडिलांचा यात दावा असू शकतो. पालकसभेत बोलताना ते समोर बसलेत असं धरूनच बोला.