न मागितलेलं बिल: गप्प बसायचं की उत्तर द्यायचं?

खाडीपलीकडचा (देवबाग)

माझं मत आधीच सांगतो, मग हवं तेवढं भांडा. ऑनलाइन कंपनीकडून न मागितलेल्या सेवेचं बिल आलं की आपल्याकडे सगळे सांगतात, "दुर्लक्ष करा, आपोआप थांबतं." हा सल्ला अर्धवट आहे. एकदा, फक्त एकदाच, लेखी नकार द्यावा. दुर्लक्ष त्यानंतर.

विषय निघायचं कारण म्हणजे तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांना सध्या एका पर्यटन डिरेक्टरीची बिलं येतायत. आधी कधीतरी फोन आलेला असतो: "तुमचं फ्री लिस्टिंग आहे, फक्त माहिती बरोबर आहे का बघा आणि आलेला ओटीपी सांगा." फोन घेणारा त्या वेळी एकीकडे पाहुण्यांना सोलकढी वाढत असतो. वर्षभराने मेल येतो: प्रीमियम लिस्टिंग 12,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 14,160. सात दिवसांत भरा, नाहीतर वकील.

शेजारच्या काकींना आलेलं बिल मी नीट वाचलं. आडवा लाल शिक्का, कोपऱ्यात सरकारी वाटेल अशी सिंहांची मुद्रा. सेवा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे मात्र कुठेच नाही. जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होतो, म्हणजे नोंदणी दिल्लीची (महाराष्ट्राचा 27). काकींचा पत्ता देवबागचा. मग आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा) लागायला हवा, तर यांनी एकाच राज्यातल्या व्यवहारासारखा सीजीएसटी 9 आणि एसजीएसटी 9 असा फोडलाय! क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला तर भलत्याच नावाचं कापडाचं दुकान निघालं.

धमकी काय, तर "तुमचा सिबिल खराब करू." सिबिलसारख्या संस्थांकडे कर्जाची माहिती जाते ती बँका आणि फायनान्स कंपन्यांकडून. डिरेक्टरीवाल्याचा तिथे काय संबंध? पण काकींना हे ठाऊक नाही, आणि त्यांचं बचत गटाचं कर्ज चालू आहे. त्या घाबरल्या.

म्हणून म्हणतो, तारखेसह एक ओळ आपल्या बाजूने लिहिलेली असावी.

दर्यागजाल (मालवण)

उत्तर अजिबात देव नको! खयचा बिल नि खयचे पैसे? हे लोक हजारांनी मेल सोडतत. जो उत्तर देता तेचो पत्तो चालू आसा ह्या तेंका कळता. माझ्या भावान "आमका नको" म्हणान कळवल्यान, आणि दुसऱ्या दिवसापासून फोनावर फोन. ब्लॉक कर आणि होडी काढ. सीझन काय तेंच्यासाठी थांबतलो?

हिशेबनीस (कुडाळ)

खाडीपलीकडचे, निरीक्षण चांगलं आहे, पण त्यातून तुम्ही जरा जास्तच निष्कर्ष काढताय. जीएसटी क्रमांक दुसऱ्याचा असेल तर बिल खोटं, हे मान्य. पण कर चुकीचा फोडला म्हणून बिल खोटं ठरत नाही. आमच्या बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानदारांची बिलं तुम्ही नापास कराल.

खरा प्रश्न करार झाला होता का, हा आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे समोरच्याचा प्रस्ताव तुम्ही स्वीकारायला हवा; नुसतं गप्प राहणं म्हणजे होकार नाही. त्यामुळे ज्याने कधी काही दाबलं नाही, ओटीपी दिला नाही, फोनवर "हो" म्हटलं नाही, त्याने दर्यागजाल म्हणतात तसं खुशाल ब्लॉक करावं. पण ज्याने ओटीपी दिलाय त्याचं तसं नाही. आयटी कायद्याच्या कलम 10अ नुसार करार केवळ ऑनलाइन झाला म्हणून रद्द ठरत नाही, आणि तोंडी करारही करारच असतो. तिथे ती कंपनी म्हणणार, अटी वाचूनच ओटीपी दिलात. त्या माणसाने मात्र लेखी नकार द्यायलाच हवा. ही दोन प्रकरणं एकाच टोपलीत घालू नका.

आणि ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंटमध्येही डोकावून बघा. ऑक्टोबर 2024 पासून तिथे आलेलं बिल नाकारता येतं. कोणी तुमच्या नावावर बिल चढवलंय का ते तिथेच दिसेल.

वेबवाला (रत्नागिरी)

जरा दुसरी बाजू ऐकाल का? मी वेबसाइट करून देतो. आंबेवाल्यांच्या, हॉटेलवाल्यांच्या. डोमेन आणि होस्टिंगचं वार्षिक नूतनीकरण असतं, ते मी आधी माझ्या खिशातून भरतो आणि मग बिल पाठवतो. हल्ली उत्तर काय येतं? "असली फ्रॉड बिलं आम्ही देत नाही." अहो, मागच्या वर्षी तुमच्याच पडवीत बसून ठरलं होतं! पेटी विकली जाईपर्यंत साइट हवी असते, पावसाळा लागला की बिल नकोसं होतं.

त्या डिरेक्टरीचं मी समर्थन करत नाही. पण "न मागितलेलं" हा शब्द फार सैल वापरला जातोय. लिस्टिंगवरून दोन कुटुंबं राहायला आली, त्यांचे पैसे घेतले, आणि मग म्हणायचं आम्ही काही मागितलंच नव्हतं? मोबदला स्वीकारला की प्रस्ताव स्वीकारला असंही त्याच करार कायद्यात आहे, कलम 8. हिशेबनीस, बरोबर ना?

हिशेबनीस (कुडाळ)

कलम आहे खरं. पण फुकट म्हणून सांगितलेल्या लिस्टिंगवरून गिऱ्हाईक आलं, तर प्रस्ताव फुकटचाच होता की हो. दराची अट तुमच्यासमोर मांडलीच नसेल तर स्वीकारलं काय? तुमचं आंबेवाल्यांचं दुखणं वेगळं. दर वर्षी एक ओळ व्हॉट्सॲपवर मंजूर करून घेत चला.

आगळ-आमसुलं (वेंगुर्ला)

मी पैसे दिले. इथे कोणी कबूल करणार नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

माझा कोकमाचा छोटा धंदा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली ती शोधताना सगळ्यात वर आलेल्या साइटवर. तिरंगी पट्टी, अशोकचक्र, सगळं अगदी सरकारी. नंतर त्यांचं "वार्षिक अनुपालन सेवा" असं बिल आलं. खरी उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत असते, हे मला एव्हाना कळलं होतं. तरी मी घासाघीस करून 1,500 वर आणलं आणि विषय संपवला. कारण माझा एकच नंबर आहे. त्यावरच पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येतात. ऐन मे महिन्यात तोच नंबर दिवसभर वसुलीवाल्यांनी अडवून धरला तर माझं नुकसान त्याच्या कितीतरी पट. तत्त्वाचं भांडण करायला ज्याला वेळ आहे त्याने करावं. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

खाडीपलीकडचा (देवबाग)

ताई, तुमचा हिशेब मला पटत नाही, पण खोटाही म्हणवत नाही. माझी भीती अशी की एकदा दिले की तुमचा नंबर "देणाऱ्यांच्या" यादीत जातो आणि ती यादी पुढे विकली जाते. तुमच्या बाबतीत तसं झालं नाही, चांगलंच झालं. पण तुम्ही दिलेल्या पैशांवरच ते देवबागच्या काकींना फोन करतात, हेही आहेच ना?

आगळ-आमसुलं (वेंगुर्ला)

असेल. मग काकींचा फोन तुम्ही घ्या आणि माझाही घ्या. आमच्याकडे घरात इंग्रजी मेल वाचणारी मी एकटी, आणि बाटल्या भरणारीही मीच.

दर्यागजाल (मालवण)

ह्या बाकी खरा.

माडाखाली (गुहागर)

तुम्ही सगळे बिलावरच अडकलात. बिल हा नुसता कागद आहे, त्याने खिशातून काही जात नाही. आधी ऑटोपे तपासा! कोणीतरी सांगितलेला तो ओटीपी कशाचा होता, ते त्यालाच माहीत नसतं. लिस्टिंगचा म्हणून दिलेला ओटीपी कार्डवरच्या ई-मँडेटचा, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानगीचा, असू शकतो. एकदा मँडेट झालं की 15,000 पर्यंतच्या पुढच्या वजावटींना सहसा पुन्हा ओटीपी लागत नाही. आता 14,160 हा आकडा परत वाचा. योगायोग असेलही, माझा नाही विश्वास.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी. ती एसएमएसने येते आणि आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथून नको ते रद्द करता येतं, कार्डाचं बँकेकडून. पैसे फसवून गेलेच असतील तर मेल लिहीत बसू नका, आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

वेबवाला (रत्नागिरी)

हे मात्र पटलं. आणि तक्रारच करायची तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. पण होमस्टेवाला "ग्राहक" कसा? धंद्यासाठी घेतलेली सेवा कायद्यात बसत नाही असं ऐकून आहे.

हिशेबनीस (कुडाळ)

2019 च्या कायद्यात अपवाद आहे. पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू असेल तर तो व्यापारी हेतू मानला जात नाही; सेवेचा शब्द मात्र त्या अपवादात नाही. दोन खोल्या स्वतः चालवणाऱ्या काकी त्यात बसवायचा प्रयत्न करता येईल. वीस खोल्यांचं रिसॉर्ट बसवताना वाद आणखी होईल. तक्रारीत 30 नोव्हेंबर 2023 ची डार्क पॅटर्नवरची (ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांवरची) मार्गदर्शक तत्त्वं जरूर लिहा. 13 प्रकार दिलेत, त्यात फुकट म्हणून आत घेऊन वर्गणीत अडकवणं येतं.

खाडीपलीकडचा (देवबाग)

काकींसाठी केलेला मसुदा खाली देतो. सुधारणा सांगा, आज संध्याकाळी पाठवायचा आहे.

"आपले अमुक तारखेचे, अमुक क्रमांकाचे बिल मिळाले. ही सशुल्क सेवा मी मागितलेली नाही व तिचा दर मला कधीही सांगण्यात आलेला नाही. बिल मला मान्य नाही. माझी संमती होती असा आपला दावा असल्यास फोनचे संपूर्ण रेकॉर्डिंग, ओटीपीचा मजकूर व त्या वेळच्या अटी पाठवाव्यात. माझे नाव व नंबर आपल्या यादीतून काढावे. तसे न केल्यास मी आपल्यावर कडक कायदेशीर कारवाई करीन."

हिशेबनीस (कुडाळ)

शेवटचं वाक्य काढा. काकी कारवाई करणार नाहीत हे त्यांनाही कळतं. आणि "संपूर्ण रेकॉर्डिंग" ठेवाच, कापलेला तुकडा पाठवतील.

दर्यागजाल (मालवण)

आणि काकींच्या बुकिंगच्या मेलवरून धाडू नको रे! नवो मेल उघड.